शिक्का आपल्या हातचा

भीमजयंती, बुद्धपौर्णिमा जवळ आली की शुभेच्छापत्रे घरीच करावीत. खोडरबर, ब्लेड, निळे स्टॅम्प पॅड आणि जाड कागद एवढे साहित्य पुरते. कागद चकचकीत नको. पॅडची शाई कागदात मुरून वाळते. चकचकीत कागदावर ती बोट लागताच पसरते.

छायाकृतीत बारकावे कोरायचे नसतात, बाह्यरेषा तेवढी नेमकी हवी. पिंपळपान सर्वांत सोपे. लांब टोक काढले की ओळख पटते. धम्मचक्रासाठी कागदाचे वर्तुळ तीनदा निम्मे दुमडून उलगडावे. आठ घड्या म्हणजे आठ आरे, अष्टांगिक मार्गाचे. मुलांना अर्थही तेव्हाच सांगावा. 'जयभीम' कोरताना अक्षरे आरशातल्यासारखी उलटी काढावीत. ब्लेड मोठ्यांनी धरावे, शिक्का मुलांनी मारावा.

आतल्या पानावर आपल्या भागाचा इतिहास लिहावा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ते बोलले. मनमाड तर आपल्या नांदगाव तालुक्यातलेच!

मी कारकून, शिक्क्याची किंमत जाणतो. माझ्या दाखल्यावरील एका शिक्क्यासाठी वडील तीन दिवस एका कचेरीच्या पायरीवर बसले होते. गेल्या जयंतीला माझ्या मुलीने स्वतः कोरलेले चक्र कागदावर उमटवले आणि पहिले पत्र आजोबांच्या हाती दिले. ते बराच वेळ त्या निळ्या ठशावरून बोट फिरवत राहिले.

बंधू-भगिनींनो, यंदा आपल्या घरीही एक शिक्का कोरा. जयभीम!