मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच

नावाच्या शेवटी 'मिड' असलेली फाइल उघडायची, पियानोचा पत्र्यासारखा आवाज ऐकायचा आणि 'मिडी असंच वाजतं' म्हणून बंद करायची, हे सर्रास घडतं. मिडीवर हा अन्याय आहे. तो दूर करायला टर्मिनलमधून गाणं वाजवून पाहण्यासारखा दुसरा उपाय नाही.

गैरसमज : मिडी म्हणजे एमपी३चा जुना, हलका प्रकार.

मिडी फाइलमध्ये आवाज साठवलेलाच नसतो. असतात त्या फक्त सूचना : अमुक क्षणी ६० क्रमांकाचा स्वर इतक्या जोराने दाबा, अमुक क्षणी सोडा, या चॅनेलवरचं वाद्य बदला. स्वर दाबण्याची एक सूचना अवघ्या ३ बाइटची. सीडीच्या दर्जाचं तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण ३० एमबीच्या पुढे जातं, तर तेवढ्याच लांबीचं मिडी गाणं बहुधा १०० केबीच्या आत मावतं. भातखंडे पद्धतीने वहीत लिहिलेली बंदिश जशी गाणाऱ्याच्या गळ्याशिवाय ऐकू येत नाही, तशीच ही फाइल.

गैरसमज : मिडीचा आवाज मुळातच भिकार.

जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे सिंथ मिडीने एकमेकांना जोडून वाजवले गेले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एकच भाषा बोलली. पुढे १९९१मध्ये जनरल मिडी या प्रमाणकाने १२८ वाद्यांना क्रमांक ठरवून दिले. त्यात १०५वर सतार आणि ११२वर शहनाई आहे. पण १०५ हा नुसता क्रमांक. ती सतार कशी वाजेल, हे वाजवणाऱ्या संगणकातल्या नमुन्यांवर ठरतं. हे नमुने साउंडफॉन्ट नावाच्या फाइलीत असतात. मिडी वाजवणाऱ्या फ्लुइडसिंथ या प्रोग्रामला 'फ्लुइड आर३'सारखा १४० एमबीचा साउंडफॉन्ट दिला, की कालपर्यंत खेळण्यातली वाटणारी फाइल वेगळीच वाजते. फाइलीतला एक बाइटही बदललेला नसतो.

गैरसमज : आवाज आला नाही, म्हणजे फाइल बिघडली.

या एका गैरसमजापायी बरेच जण पहिल्याच दिवशी कमांड लाइनला रामराम ठोकतात, म्हणून इथे जरा थांबू. लिनक्सवर ए-प्ले-मिडी नावाची कमांड आहे. ती स्वतः काहीच वाजवत नाही, सूचना फक्त पुढच्या पोर्टवर पोचवते. पोर्टांची यादी मागितली, तर पुष्कळदा एकच नाव दिसतं : १४:०, 'मिडी थ्रू'. त्या पोर्टावर गाणं पाठवलं, की कमांड तीन मिनिटं इमानेइतबारे चालते, कुठलीही चूक दाखवत नाही आणि एक स्वरही ऐकू येत नाही. पलीकडे सूचनांचा आवाज करणारा सिंथ नसतो, एवढंच कारण. आधी फ्लुइडसिंथ किंवा तसाच दुसरा प्रोग्राम टिमिडिटी सर्व्हर म्हणून चालू करा, यादी पुन्हा मागवा आणि जो नवा पोर्ट दिसेल तो द्या. टिमिडिटीत नमुनेच बसवलेले नसतील, तर हे वाद्य ऐकू येणार नाही, असा इशारा ती पडद्यावर देते. तो वाचावा.

गैरसमज : हे प्रोग्रामरचं काम, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना काय उपयोग?

उलट, खरा उपयोग त्यांनाच. 'टिमिडिटी', एक मोकळी जागा आणि फाइलचं नाव, एवढं लिहिलं की गाणं सुरू होतं. मध्ये 'टी' हा पर्याय घालून ७० दिलं, तर लय ७० टक्क्यांवर येते आणि स्वर जराही उतरत नाही, कारण ताणायला आवाजच नाही, फक्त सूचनांमधलं अंतर वाढतं. 'के' पर्यायाला ३ दिलं, की पांढरी एकमधलं गाणं काळी दोनमध्ये. 'क्यू'ला १० दिलं, की ढोल-ताशे गप्प, कारण जनरल मिडीत तालवाद्यांचा चॅनेल दहावा. आपल्या पट्टीत, आपल्या लयीत, आपलं वाद्य वगळून रियाज करायला याहून जास्त काय हवं?

गैरसमज : मिडीत मींड येतच नाही.

हे अर्धंच खरं आहे. स्वर वाकवण्याच्या सूचनेत १६,३८४ पायऱ्या असतात. नेहमीच्या मांडणीत त्या वर दोन आणि खाली दोन अर्धस्वरांत पसरतात, म्हणजे श्रुतींसाठी पुरून उरतात. पण ही सूचना अख्ख्या चॅनेलला लागू होते. त्यामुळे एकट्या बासरीची मींड नीट लिहिता येते, पण एकाच चॅनेलवर दोन स्वर धरले, तर दोन्ही वाकतात. सतारीच्या तरफांची आस मात्र केवळ सूचनांतून उभी राहात नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

गैरसमज : मिडीचं ध्वनिमुद्रण होतं, तसं उलटही होतं. शिवाय हे ध्वनिमुद्रण नव्हे, म्हणजे हक्कांचा प्रश्न नाही.

मिडीवरून ध्वनी काढणं एका कमांडचं काम. ध्वनीवरून मिडी काढणारा प्रोग्राम अंदाज बांधतो आणि दाट वाद्यमेळात फसतो. हक्कांचं म्हणाल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. चालीवर हक्क असेल, तर तिची मिडी फाइल वाटतानाही परवानगी लागते.

टिमिडिटी आणि फ्लुइडसिंथ दोन्ही मोफत आहेत. जुन्या डिस्कवर पडलेली एखादी मिडी फाइल पुसण्याआधी ती चांगल्या साउंडफॉन्टवर एकदा वाजवून पाहा.