दाताच्या मुळातली खिळी

दात किडला, वरचा भाग मोडला, पण मूळ हाडात घट्ट आहे. असा दात पुष्कळदा वाचतो. दंतवैद्य मुळातली नळी साफ करून भरतो. 'रूट कॅनाल' म्हणतात ते हेच. वर दात फारच थोडा उरला असेल, तर त्या नळीत एक बारीक खिळी बसवतात. तिला 'पोस्ट' म्हणतात. खिळीच्या आधाराने सिमेंटचा बुंधा उभारायचा आणि त्यावर टोपी घालायची.

लोकांना वाटते, खिळीने मूळ बळकट होते. तसे नाही बरे का! खिळीने वरचा बुंधा धरून ठेवायचा, एवढेच तिचे काम. उलट तिच्यासाठी मूळ आतून कोरावे लागते. जेवढे कोरावे तेवढे ते पातळ होते. म्हणून "डॉक्टर, चांगली जाड खिळी घाला" असा हट्ट धरू नये. खिळी मुळाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून जाड नसावी, असा साधारण नियम आहे.

आता आकार पाहू. लाकूड फोडताना आपण पाचर ठोकतो. घाव वरून पडतो, पण जोर दोन्ही बाजूंना जातो आणि ओंडका उभा चिरतो. निमुळती खिळी मुळात हेच करते. घास चावला की ती खाली दबते आणि मुळाला आतून फाकवू पाहते. वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खिळी असे फाकवत नाही. पण मूळ टोकाकडे बारीक होत जाते. तिथे कोरताना ते फार पातळ पडण्याची भीती असते. आटे असलेली, पिळून बसवायची खिळी पकड उत्तम धरते. मुळाला सर्वांत जास्त ताणही तीच देते.

पूर्वी युरोपात लाकडी खिळ्या घालत. लाळेने लाकूड फुगे आणि मूळ तडके. दगड फोडण्याची जुनी युक्ती अशीच आहे. भोकात सुकी पाचर ठोकायची आणि वर पाणी ओतायचे!

पोलाद दाताच्या मानाने सुमारे १० पट ताठ असते. दात किंचित लवतो, पोलादी खिळी लवत नाही. मग जोर तिच्या टोकाशी साठतो. १९९० च्या सुमारास कार्बनच्या तंतूंची खिळी आली, मागून काचेच्या तंतूंची. काचतंतूंची खिळी जवळजवळ दाताइतकीच लवते. अति जोर आला तर बहुधा खिळीच सुटते किंवा मोडते. ती पुन्हा बसवता येते. मूळ उभे चिरले, तर बहुतेक वेळा दात काढावाच लागतो.

खिळीहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. मुसळाच्या टोकाला लोखंडी वसवी का घालतात? लाकूड चिरू नये म्हणून. टोपीचा काठ दाताला अशीच वसवी घालतो. पण त्यासाठी हिरडीवर निदान दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात सगळीकडून शिल्लक हवा. ज्वारीच्या दाण्याहूनही कमी! मोडका दात तसाच ठेवून महिने घालवले, की नेमका हाच काठ किडून जातो.

दाढेला मात्र पुष्कळदा खिळी लागत नाही. तिच्या पोटातली पोकळी रुंद असते, सिमेंट तिथेच पकड धरते.