सेलवर फिरणारी मोटार

टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमलचा थर असलेली तांब्याची तार एवढ्यावर विजेची मोटार तयार होते. सायकलच्या ट्यूबच्या रबराने पिना सेलच्या दोन टोकांना बसवतात, चुंबक सेलवर चिकटवतात आणि तारेचे वेटोळे पिनांच्या भोकांत अडकवतात. खरी गोम तार खरवडण्यात आहे. एका टोकाचे इनॅमल पूर्ण काढायचे, दुसऱ्याचे फक्त अर्ध्या बाजूचे. दोन्ही पूर्ण खरवडली, तर अर्ध्या फेरीनंतर जोर उलटा लागतो आणि वेटोळे जागीच डुलते. अर्धे इनॅमल राखल्याने नेमका तेव्हाच प्रवाह तुटतो. उरलेली फेरी गतीच्या भरात पूर्ण होते. मोठ्या डीसी मोटारीत हा उलटा जोर टाळण्याचे काम कम्युटेटरकडे असते. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्तांनी अशी खेळणी मुलांपर्यंत नेली. वेटोळे अडून राहिले तर सेल तापतो. ते लगेच काढावे.