ईश्वराची आज्ञा आणि माणसाचा विवेक

ईश्वराचा हुकूम एकदा सुटला म्हणजे माणसाने आपली नीतिबुद्धी बाजूस ठेवून तो निमूटपणे बजावावा, हाच ख्रिस्ती धर्माचा मूळ दंडक होय, असा समज आपल्याकडे रूढ आहे, आणि स्वतःस ख्रिस्ती म्हणविणाऱ्या पुष्कळांच्या मनातही तो घर करून आहे. त्यासाठी हटकून जो दाखला दिला जातो तो ‘उत्पत्ती’च्या बाविसाव्या अध्यायातील अब्राहामाचा. ईश्वराने इसहाकाचे, म्हणजे त्याच्या लाडक्या पुत्राचे, होमार्पण मागितले. अब्राहामाने भल्या पहाटे उठून गाढवावर खोगीर घातले, लाकडे फोडून घेतली आणि तिसऱ्या दिवशी तो मोरियाच्या डोंगराशी पोहोचला. होमाचे कोकरू कोठे आहे, असे वाटेत मुलाने विचारले तेव्हाही बापाने पाऊल मागे घेतले नाही.

कथा येथवर सांगून थांबणारे दोन गोष्टी वगळतात. अब्राहामाच्या निष्ठेची त्या अध्यायात स्तुती आहे, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु उगारलेला सुरा ईश्वराचाच दूत रोखतो, झुडपात शिंगे अडकलेला एडका मुलाच्या जागी अर्पण होतो, आणि शेजारच्या जमातींत दैवतांपुढे पोटची मुले होमण्याची जी चाल होती तिला इस्राएलाच्या धर्मशास्त्राने पुढे महापातक ठरविले, हाही त्याच परंपरेचा भाग आहे. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. चारच अध्याय आधी, सदोम नगराच्या नाशाचा ईश्वराचा मनोदय कळताच हाच अब्राहाम पुढे सरसावतो, साऱ्या जगाच्या न्यायाधीशानेच न्याय सोडावा काय, असा सवाल टाकतो, आणि पन्नास नीतिमान निघाले तर, पंचेचाळीस निघाले तर, चाळीस निघाले तर, अशी रदबदली करीत करीत दहांवर येतो. या धिटाईबद्दल ईश्वर त्याच्यावर रागावत नाही. प्रत्येक वेळी त्याची विनंती मान्य करतो. ईश्वराची आज्ञा शिरसावंद्य मानणारा आणि ईश्वरालाच न्यायाचा जाब विचारणारा, हे दोघे पवित्र शास्त्रात एकच आहेत, आणि यांपैकी एकालाच खरा अब्राहाम म्हणण्याचा अधिकार वाचकाला नाही.

एवढ्याने सारे प्रश्न मिटतात, असे मात्र कोणी समजू नये. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात अमालेकांचा, त्यांच्या स्त्रियांचा आणि तान्ह्या बालकांचाही संहार करण्याचा आदेश शौल राजाला मिळतो, आणि तेथे कोणताही दूत हात धरीत नाही. अशा उताऱ्यांची अडचण प्राचीन ख्रिस्ती पंडितांनाही जाणवली होती. तिसऱ्या शतकातील ओरिजेनने यहोशवाच्या युद्धांचा अर्थ जीवात्म्याने आपल्या पापांशी केलेला संग्राम असा लावला. हे उत्तर भक्तीला पुरते, इतिहासाला पुरत नाही, असे माझे मत आहे. परंतु हे उतारे वाचून अस्वस्थ होणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, इतके तरी त्यावरून सिद्ध होते.

दुसरा समज अधिक पंडिती आहे : ईश्वर सांगतो म्हणूनच एखादी गोष्ट चांगली, एरवी तिच्या अंगी चांगुलपणा नाही, असे ख्रिस्ती तत्त्वज्ञान एकमुखाने मानते. हे मत मांडणारे झाले, यात शंका नाही. चौदाव्या शतकातील ओकमचा विल्यम तर, ईश्वराने स्वतःचा द्वेष करण्याची आज्ञा केली तर तो द्वेषही पुण्यप्रद ठरेल, येथवर गेला. पण त्याच्या आधी, तेराव्या शतकात, थॉमस अक्वायनसने उलट बाजू मांडून ठेवली होती : ईश्वराची इच्छा त्याच्या प्रज्ञेपासून अलग नाही, आणि त्या प्रज्ञेचा अंश मानवी बुद्धीत नैसर्गिक नियमाच्या रूपाने उतरला आहे. नियमशास्त्र न लाभलेल्या परराष्ट्रीयांच्याही अंतःकरणावर नियम लिहिलेला असतो, असे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे, त्याचाच हा विस्तार होय. इसहाकाच्या प्रसंगी मात्र, जीवन व मरण यांचा धनी ईश्वरच असल्याने तो वध खून ठरला नसता, असा निवाडा खुद्द अक्वायनसनेही दिला. तो मला पटत नाही, पण त्याचा पक्ष सांगताना ही गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सदसद्विवेकबुद्धीविषयी त्याचे म्हणणे त्याहून धीट आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवणे वाईट, असा एखाद्याच्या बुद्धीने मनापासून निर्णय दिला असेल, तर त्या निर्णयाविरुद्ध जाऊन विश्वास ठेवणाराही दोषी ठरतो, असे या ख्रिस्ती आचार्याने लिहून ठेवले आहे. तेव्हा विवेकाचा मान ही अर्वाचीन काळाने धर्माकडून पदरात पाडून घेतलेली सवलत आहे, हे म्हणणे टिकत नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कोणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध वागावयास भाग पाडू नये असे घोषित केले, त्याची मुळे इतकी खोल आहेत. मात्र याच आचार्याने पुढची अटही घातली : ज्ञान मिळविण्यात कसूर करून चुकलेला विवेक माणसाला दोषमुक्त करीत नाही. ‘मला वाटते’ एवढ्या भांडवलावर ईश्वराज्ञा झुगारण्याची मुभा कोणाला हवी असेल, तर ती या परंपरेत मिळणार नाही.

आपल्याला जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच काळात, धर्मगुरूंची शिकवण विनातक्रार स्वीकारावी, या अपेक्षेशी त्यांचा खटका उडाला. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, अशी हिंदुस्थानातील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली, तीही त्यांना मान्य झाली नाही. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी आपली बाजू सौम्यपणे, पण तसूभर न ढळता मांडली. ईश्वराची आज्ञा त्यांना शिरोधार्य होती. त्या आज्ञेचा अर्थ लावण्याचे मुखत्यारपत्र मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाला लिहून दिले नाही. आयुष्याची पुढील कित्येक वर्षे केडगावी बसून त्यांनी बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठीत भाषांतर केले.

धर्माधिकाऱ्याचा शब्द तोच ईश्वराचा शब्द, हा समज किती घातक ठरू शकतो, हे ऑस्ट्रियातील फ्रांझ येगरश्टेटर या शेतकऱ्याच्या चरित्रावरून कळते. संक्त राडेगुंड या खेड्यात तो शेती करी व चर्चमधील सेवेचे काम पाही. घरी पत्नी व तीन मुली होत्या. हिटलरच्या युद्धात शस्त्र घेणे पाप आहे, असा त्याचा निश्चय झाला, तेव्हा त्याने सल्ल्यासाठी लिंझच्या बिशपांची भेट घेतली. युद्धाच्या न्यायान्यायाचा निर्णय करणे तुझे काम नव्हे, कुटुंबाकडे पाहा, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. त्याने तो सल्ला ऐकून घेतला, त्यावर प्रार्थनापूर्वक विचार केला, आणि लष्करात हजर झाल्यावर लढण्यास नकार दिला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्याच कॅथीड्रलमध्ये, चौऱ्याण्णव वर्षांच्या त्याच्या पत्नीसमक्ष, कॅथलिक चर्चने त्याला धन्य म्हणून घोषित केले. आपल्याच बिशपाच्या सल्ल्याहून विवेकाला वरचढ मानणाऱ्या माणसाला ज्या धर्मसंस्थेने हा मान दिला, तिच्या शिकवणुकीत विवेकाला थारा नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून आहे.