ब्लू-रे प्लेअर घेताय? मग या दहा गोष्टी वाचाच!

मोठा टीव्ही आहे, स्पीकर बरे आहेत आणि सिनेमाचं वेड आहे? मग घरबसल्या सर्वांत देखणं चित्र आजही मिळतं ते १२ सेंटिमीटरच्या डिस्कवरूनच! प्लेअर निवडताना कामी येतील आणि चारचौघांत सांगताना मजाही येईल, अशा या दहा गोष्टी.

१. निळ्या किरणाची करामत
सीडी वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीच्या लेझरची ६५० आणि ब्लू-रेच्या निळसर-जांभळ्या लेझरची अवघी ४०५. तरंगलांबी जितकी कमी, तितकी बारीक खूण वाचता येते. म्हणून सीडीवर ७०० एमबी, एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी, तर तेवढ्याच ब्लू-रेवर २५ जीबी मावतात. दोन थरांची ब्लू-रे ५० जीबीची! निळा प्रकाश देणारे एलईडी शोधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा लेझरही गॅलियम नायट्राइडवरच्या त्याच संशोधनातून पुढे आला.

२. पाचपट आणि वीसपट
पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीच्या एका चौकटीत ४,१४,७२० पिक्सेल असतात. ब्लू-रेच्या चौकटीत २०,७३,६०० म्हणजे बरोबर पाचपट, आणि ४के ब्लू-रे डिस्कच्या चौकटीत ८२,९४,४०० म्हणजे बरोबर वीसपट! ४के प्लेअर साध्या ब्लू-रे आणि डीव्हीडीही वाचतो. साधा ब्लू-रे प्लेअर मात्र ४के डिस्क वाचत नाही. टीव्ही मोठा आणि ४के असेल, तर थेट ४के प्लेअरच घ्या.

३. दोन वर्षांची लढाई
२००६ साली दोन प्रतिस्पर्धी बाजारात उतरले : सोनी आणि मंडळींची ब्लू-रे आणि तोशिबाची एचडी डीव्हीडी. जानेवारी २००८मध्ये वॉर्नर ब्रदर्स या सिनेमा-स्टुडिओने ब्लू-रेच्या बाजूने कौल दिला आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. या दोन्ही डिस्क एकमेकींच्या प्लेअरमध्ये चालत नाहीत. तेव्हा जुन्या बाजारात ‘एचडी’ लिहिलेला प्लेअर स्वस्तात दिसला, तर आधी त्यावर ब्लू-रेचं चिन्ह आहे का ते बघा.

४. गेमच्या यंत्रात सिनेमा
२००६च्या प्लेस्टेशन ३मध्ये ब्लू-रे ड्राइव्ह होता आणि त्यानेच ही डिस्क लाखो घरांत नेली. आज डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ ४के डिस्क चालवतो, प्लेस्टेशन ४ चालवत नाही. मात्र या दोघांवरही गाण्यांची सीडी वाजत नाही! नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या सीडी जपून ठेवल्या असतील, तर स्वतंत्र प्लेअर घ्या आणि तो ऑडिओ सीडी वाजवतो ना, हे विचारून घ्या.

५. जगाचे तीन तुकडे
ब्लू-रेसाठी जगाची वाटणी ए, बी आणि सी अशा तीन विभागांत झाली आहे. अमेरिका आणि जपान ए, युरोप आणि आखात बी, भारत सी. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची क्रायटेरियन या कंपनीने काढलेली अमेरिकन ब्लू-रे ए विभागाची आहे. न्यू जर्सीच्या मावशीने ती हौसेने आणली, तरी सी विभागाच्या प्लेअरवर ती चालणार नाही. ४के डिस्कना मात्र असा विभागच नाही. कुठूनही आणा, कुठेही बघा.

६. सात मिनिटं गेली कुठे?
सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. पाल डीव्हीडी त्या २५च्या वेगाने पळवते. त्यामुळे तीन तासांचा सिनेमा सुमारे सात मिनिटं आधी संपतो आणि आवाजाची पट्टीही थोडी चढू शकते. ब्लू-रेवर अस्सल २४ चौकटी मिळतात. प्लेअर आणि टीव्ही दोन्हींच्या सेटिंगमध्ये २४पी चालू करा.

७. आवाजाची वायर
डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे स्टुडिओतल्या मूळ आवाजात काहीही न गाळता तो तुमच्यापर्यंत पोचवतात. पण ऑप्टिकल वायरमधून ते जातच नाहीत, त्यासाठी एचडीएमआयच लागते. साउंडबारला कोणती जोडणी आहे, ते खरेदीआधी पाहून ठेवा.

८. नेटच्या वेगाशी तुलना
४के पाहण्यासाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचं इंटरनेट असावं असं सुचवतं. ४के डिस्क सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती देऊ शकते! धुकं, पाऊस, काळोखातले प्रसंग इथे हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. उजेड-काळोखाचा फरक आणखी खुलवणारं डॉल्बी व्हिजन टीव्हीवर असेल, तर प्लेअरवरही ते असू द्या. नसेल तर चित्र त्याच कामाच्या साध्या एचडीआर१० पद्धतीवर समाधान मानतं.

९. साय जपा
डीव्हीडीतली माहिती पृष्ठभागाखाली ०.६ मिलिमीटरवर असते. ब्लू-रेत ती अवघ्या ०.१ मिलिमीटरवर, दुधावरच्या सायीसारखी अगदी वरच्यावर. म्हणून सुरुवातीच्या डिस्क बंदिस्त खोक्यात यायच्या. नंतर कठीण लेप निघाला आणि खोकं गेलं. तरी पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे न्या, गोल फिरवू नका.

१०. वेळेवर घ्या
ओप्पो डिजिटलने २०१८मध्ये नवे प्लेअर काढणं थांबवलं, सॅमसंगने २०१९मध्ये अमेरिकी बाजारातून हात काढून घेतला. पर्याय कमी होत चालले आहेत, म्हणून दुरुस्तीची सोय असलेली कंपनी निवडा. नव्या डिस्कची सुरक्षा-कुलपं उघडायला फर्मवेअर, म्हणजे प्लेअरमधलं सॉफ्टवेअर, अद्ययावत लागतं, तेव्हा नेटची जोडणी किंवा यूएसबीतून अपडेटची सोय हवीच.

ओटीटीवरचा सिनेमा करार संपला की गायब होतो. विकत घेतलेली डिस्क कपाटातच राहते, नेट नसतानाही चालते आणि पुढच्या पिढीला देता येते. एवढ्या एका कारणासाठीही प्लेअर घरात असावा. आणि पहिली डिस्क तुम्हाला तोंडपाठ असलेल्या सिनेमाचीच घ्या. फरक किती आहे, ते तिथेच सर्वांत आधी कळेल.