ड्रायरचा ठेका

कपडे वाळवणारा ड्रायर आतून फार साधा असतो. एकच मोटर. तिच्या दांड्याच्या एका टोकाला अंगठ्याच्या जाडीची पुली; तिच्यावरून निघालेला पट्टा अख्ख्या ड्रमला वेढा घालून परत येतो. दुसऱ्या टोकाला पंखा, दमट गरम हवा घराबाहेर ढकलणारा. पट्टा सैल पडू नये म्हणून स्प्रिंगने ओढलेली एक ताणपुली. ड्रमच्या मागच्या कडेखाली दोन रबरी रोलर, पुढच्या कडेखाली प्लास्टिकच्या गुळगुळीत पट्ट्या. न्यू जर्सीतल्या आमच्या तळघरातलं यंत्र असंच आहे, वीसेक वर्षं जुनं. हिवाळ्यात त्याला उसंत नसते. अशाच एका थंडीत ते धडधडायला लागलं.

अशा वेळी सगळे आधी विचारतात, आवाज येतोय कुठून? या प्रश्नाने हाती काही लागत नाही. ड्रायर म्हणजे पत्र्याची पोकळ पेटी. मागच्या बाजूचा आवाज दारातून घुमतो, खालचा वरच्या पत्र्यावर. माझ्या मते विचारायला हवं ते वेगळंच: आवाज किती वेळाने येतो?

कारण आतला प्रत्येक भाग आपापल्या वेगाने फिरतो. मोटर मिनिटाला साधारण 1725 फेरे घेते आणि पंखाही तिच्याबरोबर तेवढेच. ड्रम मात्र मिनिटाला पन्नासच्या आसपास, म्हणजे सेकंदाला एक फेरासुद्धा पुरा नाही. रोलर या दोघांच्या मधले. ड्रमचा व्यास सुमारे 27 इंच आणि रोलरचा 3 इंच धरला, तर ड्रमच्या एका फेऱ्यात रोलर नऊदा फिरतो. म्हणून सेकंदभराने एकच ‘धप्प’ आलं तर ड्रमकडे किंवा पट्ट्याकडे पाहायचं: आतलं एखादं पातं सैल झालं असेल, पट्ट्याचा एखादा भाग उसवला असेल. भराभर ‘धडधडधड’ आलं तर रोलर. पंख्यात काही अडकलं तर ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत, सलग घरघर होते. कोरडी पडलेली ताणपुली किंचाळते आणि पुढच्या पट्ट्या झिजल्या की पत्र्यावर पत्रा खरवडल्यासारखी खरखर.

चालू यंत्राचे ठोके मोजणं अवघड. त्यापेक्षा प्लग काढायचा (इथल्या विजेच्या ड्रायरला 240 व्होल्ट लागतात, तेव्हा यात हयगय नको), दार उघडायचं, ड्रमच्या काठावर खडूने खूण करायची आणि हाताने ड्रम सावकाश फिरवायचा. खूण एकाच जागी आल्यावर दरवेळी आवाज झाला, तर दोष ड्रमचा. आमच्याकडे खुणेचा आणि आवाजाचा काही मेळ बसेना. खूण एकदा फिरून येईपर्यंत आठ-नऊ हलके ठोके तळहाताला जाणवत होते. कान तळघरातल्या, घर तापवणाऱ्या भट्टीच्या आवाजाने फसतात, हात फसत नाही.

मग उघडणं आलंच. तंतू अडकवणाऱ्या जाळीजवळचे दोन स्क्रू काढले, पुट्टी लावायची पातळ पट्टी वरच्या पत्र्याच्या फटीत सारून खटके दाबले, झाकण वर झालं. दाराच्या स्विचची वायर सोडवून पुढचा पत्रा काढला. आत कपड्यांच्या तंतूंचा करडा थर. तो ब्रशने आणि व्हॅक्यूमने पूर्ण काढल्याशिवाय मी पुढे जात नाही. हे तंतू पटकन पेट घेतात आणि हीटर तिथून हातभर अंतरावर असतो. ताणपुली मागे ढकलून पट्टा सोडवला, ड्रम बाहेर आला. डावा रोलर बोटाने फिरवला तर सुरळीत. उजवा दांड्यावर चक्क डुगडुगत होता: मधलं भोक झिजून लांबट झालेलं, रबराचा एका बाजूचा टवका उडालेला.

इथे पुष्कळ जण तेलाचा फवारा मारतात. मला ते अजिबात पटत नाही. आवाज चार दिवस बंद होतो, पण ओलसर तेलावर तंतू चिकटतात, आणि तेलात भिजलेले तंतू गरम हवेजवळ असणं हे आगीला दिलेलं आमंत्रण. शिवाय झिजलेलं भोक तेलाने भरून येत नाही. दोन्ही रोलर बदलले, कारण एक नवा आणि एक झिजका असला की ड्रम तिरका बसतो. ड्रम निघालेलाच होता, तेव्हा ताणपुली आणि पट्टाही नवे घातले. पट्ट्याची खाचांची बाजू ड्रमला, सपाट बाजू वर.

पत्रे परत बसवून सुरू केलं आणि पुन्हा ठोका! पण हा सेकंदभराने येणारा, एकेकटा, मऊ. म्हणजे पट्ट्याचा. नवा पट्टा पुडक्यात घड्या घालून येतो, आणि घडीची जागा पुलीवरून जाताना दरवेळी हिसका बसतो. ड्रायर रिकामाच चालू ठेवला. पट्टा गरम होऊन सरळ झाला, तसा तो ठोका विरत गेला. मग मागचा हवेचा पाइप जोडला आणि यंत्र भिंतीकडे सरकवलं.