एल निनो आला म्हणजे पाऊस गेलाच का? समुद्राचं पाणी अन् आपली पेरणी

लातूर : मृग जवळ आला की गावोगावच्या पारावर एकच विषय, "औंदा एल निनो हाय म्हणं." मग बियाणं घ्यायचं की थांबायचं, यावर खल सुरू होतो. लातूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी आपला पेरा त्याच्याच पाण्यावर ठरतो.

मोसमी वारे निघतात मादागास्करच्या पूर्वेकडच्या हिंदी महासागरातून. विषुववृत्त ओलांडून ते अरबी समुद्राची वाफ घेऊन येतात. मे महिन्यात या समुद्राचं वरचं पाणी 29-30 अंशांपर्यंत तापतं. पुढं हेच वारे पाणी घुसळतात, सोमालियाच्या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर येतं अन् समुद्र निवतो. हे दरसालचं. वाफेतला मोठा वाटा सह्याद्रीच काढून घेतो. आपली भिस्त उरलेल्या पावसावर अन् बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर.

सालोसालचा फरक पडतो तो एल निनोनं. पॅसिफिक महासागराचं विषुववृत्ताजवळचं मधलं-पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा अर्ध्या अंशानं किंवा जास्त तापतं अन् महिनोन्‌महिने तसंच राहतं. अर्धा अंश किरकोळ वाटतो. पण हवा तिकडं वर चढते, पाऊसही तिकडंच सरकतो, अन् आपल्याकडं ढग धरत नाहीत.

2015 साली हेच झालं. देशात पाऊस 14 टक्के कमी पडला. त्याआधीचं 2014 सालही तुटीचंच होतं. मांजरा धरण आटलं अन् एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं.

मग 1997 चं काय? तेव्हाचा एल निनो फार मोठा होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका पडला. कारण आफ्रिकेकडचा हिंदी महासागर तापलेला अन् इंडोनेशियाकडचा गार होता. या फरकाला हिंदी महासागर द्विध्रुव म्हणतात. 1999 साली शास्त्रज्ञांनी तो जगापुढं मांडला. असा द्विध्रुव पावसाला हात देतो, पण दरवेळी पुरतोच असं नाही. 2015 मध्येही तो थोडा अनुकूल होता, तो पुरला नाही. शिवाय देशाची सरासरी म्हणजे आपला तालुका नव्हे.

हवामान विभाग मेअखेर सुधारित अंदाज देतो. त्यात एल निनोसोबत द्विध्रुवाचंही दिलेलं असतं, तेवढं वाचावं. अंदाज काहीही असो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल झाल्याशिवाय सोयाबीनला तिफण लावू नये. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणावं लागतं.